माळेचा दोरा आणि गाडीचे चाक

॥ राम कृष्ण हरि ॥

वाचक माउली, आज तुमच्यापुढे एक प्रश्न ठेवतो. तो पहिल्यांदा ऐकताना या मासिकात शोभणार नाही असे वाटेल. प्रश्न असा, की पन्नास वर्षांच्या जुन्या मोटारीला आजच्या काळातली नवी चाके बसवावीत का?

तुम्ही म्हणाल, हा तर गॅरेजातला प्रश्न. याचा विठोबाशी काय संबंध? पण थोडे थांबा. तुमच्या दिंडीत सामानाच्या बैलगाडीच्या जागी ट्रक आला, तेव्हा कुणी जुन्या माळकऱ्याने नाक मुरडले होते का? हरिपाठाची पोथी हातात न घेता मोबाइलमध्ये बघून म्हणणाऱ्या पोराकडे तुम्ही कधी डोळे वटारले आहेत का? कीर्तनातली पेटी आज आपल्याला आपलीच वाटते, पण तीही साहेबाच्या देशातून आली. ती पहिल्यांदा फडावर आली असेल, तेव्हा कुणीतरी चुळबुळला असेलच. हे सगळे प्रश्न चाकाचेच आहेत. जुने चालू ठेवायचे आहे आणि रस्ता नवा आहे. अशा वेळी काय बदलावे, काय बदलू नये, आणि ते ठरवायचे कशावरून?

मला हा प्रश्न पुस्तकातून पडला नाही. रस्त्यावर पडला, तोही एकदा चांगलाच आदळून.

आमच्या घरी 1971 सालची एक फियाट आहे. पुढे 1974 पासून हीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, तिच्या मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तुमच्यापैकी कितीतरी जण तिच्यात बसले असतील. 2023 च्या ऑक्टोबरअखेर त्यातली शेवटची टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

आमची गाडी वडिलांनी घेतली ती हौसेने नव्हे. स्वतः ते आषाढीला पायी जात. पण कार्तिकीला आणि माघीला गावातल्या ज्या म्हाताऱ्या माणसांना चालवत नसे, त्यांना ते या गाडीतून पंढरीला नेत. पुढची सीट बाकासारखी सलग, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे दाटीवाटीने सहा-सात जण मावत. वडील म्हणत, "ही गाडी माझी नाही. थकलेल्या पायांची आहे."

वडील गेले आणि गाडी माझ्याकडे आली. मी तिची फार निगा राखली. रंग मूळचा, सीटचे कापड मूळच्यासारखे, चाकांवरच्या चकचकीत वाट्याही मूळच्याच. टायर त्या काळच्याच मापाची, पाच-वीस चौदाची, म्हणजे पाच इंचांहून थोडी रुंद आणि चौदा इंचांच्या रिमवर बसणारी. जातही जुनीच, आतले दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे टाकलेली क्रॉस-प्लाय. लोक थांबून बघत, फोटो काढत. मला ते आवडू लागले. म्हाताऱ्या माणसांना बसवले तर सीट मळेल, असेही मनात येऊ लागले. थकलेल्या पायांची गाडी कधी माझी झाली, हे माझे मलाच कळले नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, चाके बदलू या. अलॉयची रुंद चाके आणि ट्यूबलेस रेडियल टायर टाकू. रस्त्याला चिकटून चालेल आणि दिसेलही झकास." मी त्याला उडवून लावले. म्हटले, "आजोबांच्या गाडीला हात लावायचा नाही."

त्याच वर्षी माघ शुद्ध दशमीला आईला घेऊन पंढरपूरला निघालो. आईचे वय ऐंशीच्या पुढे. माळशिरस ओलांडले आणि मागचे डावे टायर फुटले. गाडी भेलकांडली, रस्ता सोडून कडेच्या मुरमात उतरली आणि एका चरापासून हातभर अंतरावर थांबली. पांडुरंगाने राखले, एवढेच म्हणायचे. आईच्या कपाळाला खोक पडली. मागून उसाची बैलगाडी येत होती. गाडीवानाने बैल थांबवले, पाणी दिले, चाक बदलायला हात लावला. टायरवर नक्षी भरपूर शिल्लक होती, मग फुटले कसे, असे मी पुटपुटत होतो. त्याने टायरच्या कडेला अंगठा दाबला. रबराला उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा होत्या. तो म्हणाला, "दादा, हे चालून झिजलं नाही. उभं राहून मेलंय."

नंतर घरी येऊन त्या टायरच्या अंगावरचे आकडे वाचले. हल्लीच्या टायरवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2319 असे असेल तर ते टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातले. माझे टायर तेरा वर्षांचे निघाले. वापर कमी, म्हणून नक्षी शाबूत आणि रबर मात्र आतून वाळलेले. वर्षानुवर्षे मी वाट्या पुसत होतो, पण ते चार आकडे वाचायला कधी वाकलो नव्हतो.

पण त्या रस्त्यावर खरे बोलली ती आई. पदराने कपाळ दाबून धरत म्हणाली, "अरे, आपण पांडुरंगाला भेटायला निघालो होतो ना? की त्याला तुझी गाडी दाखवायला?"

माउली, त्या दिवसापासून या प्रश्नाचा विचार करतो आहे. तो तुमच्यापुढे आपल्या रीतीने मांडतो, आधी पूर्वपक्ष आणि मग उत्तरपक्ष.

पूर्वपक्ष म्हणतो, जुन्याला हात लावू नये. या म्हणण्याला मूर्खपणा समजू नका. जुनी वस्तू ही साक्ष असते. ती बनवणाऱ्यांनी एकेक माप दुसऱ्या मापाशी जुळवलेले असते. आमच्या फियाटच्या चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत. चाके अरुंद आहेत, कारण त्यांना धरणारे हात, खिळे आणि बेअरिंग तेवढाच भार सोसतील असे आहेत. तिला आजची रुंद, जड चाके लावली तर काय होते? चाक मडगार्डला घासते. ते बाहेर सरकले की बेअरिंगवर वाकडा भार येतो. उभ्या गाडीचे स्टिअरिंग वळवताना दंड दुखतात. चाकाचा एकंदर घेर बदलला तर वेग दाखवणारा काटा खोटे बोलू लागतो. आणि सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे, रस्त्यावरची पकड वाढल्यामुळे चालवणाऱ्याला गाडी नवी झाल्यासारखी वाटते. तो वेग वाढवतो. चाक आजचे असते, ब्रेक मात्र 1971 चा असतो.

आपल्या परंपरेतही या पक्षाचा मोठा साक्षीदार आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरवल्या जात होत्या. तीनशे वर्षांत त्यांत चुकीचे पाठ शिरले, कुणी आपल्या पदरच्या ओव्याही घातल्या. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी प्रती ताडून पाहिल्या आणि ग्रंथ शुद्ध केला. पुढे कुणी त्यात आपली भर घालू नये, अशी कडक ताकीदही दिली. नाथ स्वतः केवढे कवी! ज्या हातातून भागवताच्या एकादश स्कंधावरची एवढी टीका उतरली, त्या हाताला ज्ञानेश्वरीत चार ओव्या घालणे जड होते का? पण त्यांनी तो मोह धरला नाही. दुसऱ्याच्या घरात झाडलोट करणाऱ्याने भिंतीवर आपले नाव लिहू नये, हे त्यांना ठाऊक होते.

आता उत्तरपक्ष ऐका. तो म्हणतो, बदलले नाही तर पोहोचणार कसे? ज्या ग्रंथाला नाथांनी एवढे जपले, तो ग्रंथच मुळात केवढा बदल होता! गीता संस्कृतात होती. ज्याला संस्कृत येत नाही, त्याच्या दारापर्यंत ती जात नव्हती. माउलींनी शके 1212 मध्ये नेवाशाला तिला मराठीची चाके दिली आणि ती बांधाबांधावरून फिरू लागली.

आपली वारी घ्या. आपण म्हणतो, ही फार पुरातन. खरेच आहे. पण आज जिला आपण पालखी सोहळा म्हणतो, ते रूप थरावर थर चढत आले आहे. तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 साली पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली, अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आले, तंबू आले. पालखी रथात बसली. दिवे घाट चढताना रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, ते पाहायला आपण कड्यावर दाटी करतो. यातली प्रत्येक गोष्ट एके काळी नवीच होती.

आणि त्या उसाच्या बैलगाडीलाही टायरचीच चाके होती बरे का! लाकडी आरे आणि लोखंडी धाव असलेले जुने चाक दिसायला देखणे होते खरे, पण ओढणाऱ्या बैलाला विचारा. हवा भरलेले टायर 1888 च्या सुमारास डनलॉप नावाच्या पशुवैद्याने बेलफास्टला आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तयार केले. पोराला हादरे बसू नयेत, एवढाच त्याचा हेतू. तेच पुढे आपल्याकडे बैलगाडीला लागले आणि बैलाच्या खांद्यावरचे ओढणे हलके झाले. लाकडी चाक गेले म्हणून हळहळणाऱ्याने एकदा जू आपल्या मानेवर घेऊन पाहावे.

दोन्ही पक्ष खरे वाटतात ना? मलाही वाटले. मग निवाडा कसा करायचा? मला तो गळ्यातल्या माळेत सापडला.

आपली तुळशीची माळ तुटते, तेव्हा आपण काय करतो? मणी वेचतो. एकही हरवू नये म्हणून जमिनीवर हात फिरवतो. दोरा मात्र टाकून देतो आणि नव्या दोऱ्यात तेच मणी ओवतो. पूर्वी सुताचा दोरा असे, आता नायलॉनचा मिळतो. तो घामाने कुजत नाही. नायलॉनचा दोरा घातला म्हणून माळ बाटली, असे कुणी म्हणत नाही. पण तुळशीचे मणी काढून त्याजागी प्लास्टिकचे ओवले तर? दोरा मूळचा सुताचा असला, तरी ती माळ राहिली नाही. दोऱ्याचे काम धरण्याचे. मणी हे ते, ज्यांना धरून ठेवायचे.

तेव्हा पहिली कसोटी ही, की बदलायची वस्तू दोरा आहे की मणी? टायर हा दोरा आहे. तो झिजण्यासाठीच असतो. मूळच्या टायरसाठी हट्ट धरणे म्हणजे कुजक्या सुतासाठी मणी रस्त्यावर विखुरण्याची तयारी ठेवणे. मी तेच केले. माझ्या गाडीतला मणी मागच्या सीटवर बसला होता आणि त्याच्या कपाळातून रक्त येत होते.

पण माळ ओवणाऱ्याला आणखी एक गोष्ट कळते. मण्याचे भोक केवढे, ते पाहून दोरा निवडावा लागतो. मजबूत हवा म्हणून जाड दोरा दामटला तर मणी उकलतो. ही दुसरी कसोटी, मापाची. रुंद अलॉय चाके चांगली नाहीत असे कोण म्हणेल? ज्या गाडीसाठी ती केली, तिला ती उत्तमच आहेत. आमच्या मिस्त्रींनी पुतण्याला हेच समजावले. ते म्हणाले, "चाक म्हणजे गाडीचं पायताण. तुम्ही वारीला निघताना दुसऱ्याच्या मापाचं पायताण घालता का? भारी असलं तरी लोणंदपर्यंत फोड येतील." वारी चाललेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

तिसरी कसोटी सगळ्यात अवघड, कारण ती दुसऱ्याला दिसत नाही. हा बदल मी कुणासाठी करतो आहे? माळेला रेशमी गोंडा लावून ती सदऱ्याबाहेर मिरवणारा आणि काळा पडलेला मूळचा दोरा लोकांना दाखवत "आमच्याकडे सगळे जुने" म्हणणारा, हे दोघे एकाच गावचे. एक नव्याचा दंभ, दुसरा जुन्याचा. पुतण्याला "झकास दिसेल" हवे होते आणि मला "लोक थांबून बघतील" हवे होते. आमच्या भांडणात दोघेही एकाच बाजूला होतो, हे आईने एका वाक्यात दाखवले. महाभारतात सांगितले आहे, की धर्मराजाचा रथ भुईपासून चार अंगुळे वर चाले आणि अश्वत्थाम्याविषयी एक अर्धसत्य तोंडून निघताच तो जमिनीला टेकला. रथाची ती उंची चाकाच्या मापाने आलेली नव्हती.

आता तुमच्यातला एखादा चिकित्सक विचारेल, "महाराज, एकेक भाग बदलत गेलो तर शेवटी गाडी तीच राहिली असे कसे म्हणायचे?" हा प्रश्न फार जुना आहे. मिलिंद राजा रथातून नागसेन भिक्षूंच्या भेटीला आला, तेव्हा भिक्षूंनी त्याला विचारले, चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? राजा नाही नाही म्हणत गेला. शेवटी त्याला कबूल करावे लागले, की सगळे भाग एकत्र आले म्हणजे आपण व्यवहारापुरते रथ असे नाव देतो. कठोपनिषदातही रथ आहे. शरीर हा रथ, आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. हा दृष्टांत मी कितीदा ऐकला होता, पण चाक फुटल्यावर पहिल्यांदा लक्षात आले, की त्यात चाकाचे नावच नाही. बसणारा कोण, हाकणारा कोण, आवरणारा कोण, ओढणारे कोण, हे ऋषींनी सांगितले. चाके सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

गंमत पाहा. आपल्या सरकारने 2021 साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम केले. गाडी मूळ रूपात असावी, असे ते सांगतात. मोठे फेरफार म्हणून तिथे नावे घेतली आहेत ती सांगाड्याची, वरच्या कवचाची आणि इंजिनाची. त्या यादीतही चाक नाही. म्हणून कसलेही चाक लावायला मोकळीक मिळते असे नाही, मापाची कसोटी आहेच. पण दोरा कुठला आणि मणी कुठला, याचा अंदाज ऋषींना होता तसा कायदा लिहिणाऱ्यालाही आला, असे मला वाटले.

आम्ही शेवटी काय केले, ते सांगतो. मूळच्या लोखंडी रिमा तपासून घेतल्या. एकीला बारीक चीर निघाली, ती बदलली. त्यांवर गाडीच्या मापाला मिळणारी अरुंद रेडियल टायर चढवली, आत नव्या ट्यूब घातल्या. चारही एकाच जातीची, कारण क्रॉस-प्लाय आणि रेडियल यांची सरमिसळ केली की गाडी वळणावर दगा देते. ब्रेकचे सगळे रबर आणि नळ्या नव्या केल्या. वर वाट्या मूळच्याच बसवल्या. बघणाऱ्याला काही बदलले आहे हे कळतही नाही. आणि उद्या कुणाला पुन्हा जुन्या जातीची टायर घालावीशी वाटली, तर वाट मोकळी आहे. आम्ही काही कापले नाही, ठोकले नाही. मागे वळता येईल असा बदल करावा, हेही मी यातून शिकलो. पुढच्या पिढीला आपल्याहून जास्त कळेल, एवढी नम्रता त्यात आहे.

पुतण्याचे निम्मे ऐकले, माझे निम्मे सोडले. आणि गाडीत पुन्हा म्हातारी माणसे बसू लागली. सीट मळते. मळू दे.

माउली, इथवर सोपे होते. आता एक अवघड गोष्ट तुमच्यापुढे ठेवतो, तिचे उत्तर मी पुरते देऊ शकत नाही. वारीत पायी चालणे हा दोरा की मणी? तुम्ही चटकन म्हणाल, मणी! वारी म्हणजे चालणे. ज्याचे पाय धड आहेत, त्याच्यासाठी मीही तेच म्हणेन. त्याने वाल्ह्याहून जीपमध्ये बसून लोणंदला उतरावे आणि वारी केली म्हणून सांगावे, हे मला पटत नाही. पण माझ्या आईने साठीपर्यंत पायी वारी केली. आज तिला अंगण ओलांडवत नाही. तिच्यासाठी चालणे हा झिजून तुटलेला दोरा आहे. भेटीची ओढ हा मणी, तो अजून तसाच आहे. एकच गोष्ट एकासाठी मणी असते आणि दुसऱ्यासाठी दोरा. म्हणून आपल्याकडे अधिकार हा शब्द आहे. दुसऱ्याच्या गळ्यातली माळ पाहून हा निवाडा करता येत नाही. आपापली माळ हातात घेऊनच करावा लागतो, आणि तो करताना मनाला खोटे बोलायची फार सवय असते.

आमच्या दिंडीत एक मावशी आहेत. त्यांचे दोन्ही गुडघे शस्त्रक्रिया करून बदलले आहेत. डॉक्टरांनी त्यांना मांडी घालून बसायला मना केले. भजनात त्या खुर्चीवर बसतात आणि सगळे खाली, आपण वर, म्हणून फार संकोचतात. मी त्यांना माझ्या गाडीची गोष्ट सांगितली. म्हटले, "मावशी, तुम्हाला नवी चाकं बसलीत, पण टाळ धरणारे हात मूळचेच आहेत ना?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हातही उद्या थकतील हो. तेव्हा?"

त्यांच्या त्या "तेव्हा?" ला माझ्याकडे गाडीतले उत्तर नव्हते. पण महाभारतात एक प्रसंग आहे. युद्ध संपले. श्रीकृष्णाने अर्जुनाला सांगितले, आधी तू उतर, धनुष्य आणि भाते घेऊन उतर. एरवी सारथी आधी उतरतो. अर्जुन उतरला. मग भगवंत उतरले. ध्वजावरचा कपी निघून गेला आणि तो रथ घोड्यांसकट, चाकांसकट जळून राख झाला. भगवंत म्हणाले, द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी हा केव्हाच जळाला होता. मी बसलो होतो, म्हणून उभा होता.

हा प्रसंग वाचला की गाडीवरचा आणि देहावरचा माझा अभिमान थोडा खाली उतरतो. मूळची चाके राखा किंवा नवी घाला, रथ त्या चाकांनी टिकलेला नसतो. आषाढीला माउलींचा रथ येतो, तेव्हा आपण कुणाला हात जोडतो? रथात पालखी आहे, पालखीत पादुका आहेत. एवढा चांदीचा रथ, एवढे देखणे बैल, आणि वाहून नेतात ते काय? चालणाऱ्याच्या पायातले पायताण! आपण रथाच्या चाकाला हात लावून तो कपाळी नेतो, तेही त्या पादुकांसाठी. चाकाला वंगण घालणारा सेवेकरी म्हणूनच मोठा आहे. पादुका पोहोचल्या पाहिजेत, याची काळजी त्याच्याकडे आहे.

तेव्हा तुमच्या घरात, फडात, दिंडीत जुन्या-नव्याचा वाद उभा राहील तेव्हा, माउली, एवढे करा. आधी माळ हातात घ्या. बदलतो आहोत तो दोरा आहे ना, हे पाहा. भोकाच्या मापाचा आहे ना, हे पाहा. आणि ओवताना आपला चेहरा कुणाकडे वळला आहे, तेही पाहा. नवी चाके बसली तर त्यांचा गाजावाजा करू नका. जुनी ठेवलीत तर त्यांचाही करू नका. अधूनमधून वाकून टायरवरचे आकडे मात्र वाचत जा.

यंदाच्या माघीला आई पुन्हा गाडीत बसली होती. माळशिरस ओलांडल्यावर त्या चराजवळ मी गाडी हळू केली. तिने खिडकीतून पाहिले आणि म्हणाली, "थांबू नको रे. दर्शनाला उशीर होईल."

॥ राम कृष्ण हरि ॥